लाइन गेल्यावर भरणारा वर्ग

कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी जुन्या कर्मचाऱ्यांकडून कामाच्या आठवणी मागवल्या आहेत. ऑफिसातली मुलगी मलाही म्हणाली, "मावशी, तुम्हीपण द्या की." मी हसून मान हलवली, म्हणजे देणार नाही. माझं नाव छापून आलं तर मला गल्लीतून जायची चोरी होईल. पण तिनं विचारल्यापासून डोक्यात जे सुरू झालंय ते थांबत नाही. म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. कॉलेजात शिपाई पुष्कळ होते. मी त्यांच्यातली नव्हते, मी अभ्यासकेंद्राची मावशी. कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथं एका मुक्त विद्यापीठाचं केंद्र चालायचं. मुक्त विद्यापीठ म्हणजे ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठीचं. दहावी नसली तरी चालतं. आधी एक पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, मग बी.ए., बी.कॉम.ला बसता येतं. पुस्तकं घरी न्यायची, जमेल तसं वाचायचं, आणि रविवारी केंद्रावर येऊन जे अडलं ते शिक्षकांना विचारायचं. तिथं येणारे कोण? लूम म्हणजे यंत्रमाग चालवणारे, गोदामातले हमाल, रिक्षावाले, दवाखान्यातल्या आया, आणि आजूबाजूच्या गावांतल्या सुना. माझी शाळा चौथीला सुटली, पण तिथं येणाऱ्यांत मला कधी परकं वाटलं नाही.

रविवारी खोल्या उघडायच्या, बाकांवर बसलेली सुताची रुई पुसायची, पाण्याचं पिंप भरायचं, पुस्तकांचे गठ्ठे आले की विषयवार लावायचे, शिक्षकांना चहा द्यायचा. एवढं झालं की दाराशी स्टूल टाकून बसायचं. हे दाराशी बसणंच माझं खरं काम होतं, असं आता वाटतं. नवीन बाई नाव घालायला आली की तिच्यामागे कुणीतरी यायचंच. नवरा, दीर, नाहीतर सासरा. तो खोलीत डोकवायचा, आत बसलेले पुरुष बघायचा, मग वळून मला बघायचा आणि विचारायचा, "तुम्ही असता का इथं?" मी मान हलवायची. बहुतेकदा तेवढ्यावर भागायचं. बोलणं मला कधी जमलं नाही, पण बसणं जमायचं.

वर्गाची वेळ हा मोठा घोळ होता. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. बाकीच्या जगाचा रविवार आमच्याकडे कामाचा दिवस. शुक्रवारी कॉलेजच्या खोल्या रिकाम्या नसत, आणि रविवारी लूमवाली मुलं रिकामी नसत. मग वर्ग भरायचा कधी? तर लाइन गेल्यावर. त्या वर्षांत लोडशेडिंग फार होतं. आम्ही विजेला लाइनच म्हणायचो. लाइन गेली की सगळ्या गावाचा खटखटाट एका दमात बंद पडतो. भिवंडीत झोपलेलं माणूस आवाजानं उठत नाही, आवाज थांबला की उठतं. आवाज थांबला की आमची मुलं कारखान्यातून निघायची आणि पाच-दहा मिनिटांत केंद्रावर यायची. अंगात बनियन, केसांत रुई, हातात गुंडाळलेलं पुस्तक. पंखा नाही, दिवा नाही. बाक ओढून खिडकीशी घ्यायचे आणि शिकवणं सुरू. लाइन आली की शिक्षकांचं वाक्य अर्धं राहायचं, खोली रिकामी. कर्णिक सरांनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, वेळापत्रकच तसं बसवून टाकलं होतं. लोडशेडिंग दुपारी असेल तर वर्ग दुपारी, सकाळी असेल तर सकाळी. आणि मध्येच फॉल्ट होऊन लाइन गेली तरी कुणी ना कुणी यायचंच. "मावशी, सर आहेत का? म्हटलं बसून घ्यावं तेवढं."

वर्षातून एकदा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा व्हायचा. पास होऊन गेलेल्यांना बोलवायचं, बटाटेवडा-चहा, चार भाषणं. दुसऱ्या कॉलेजांत अशा मेळाव्याला मिठ्या मारतात म्हणे. आमच्याकडे कुणी कुणाला ओळखायचंच नाही. एक लाइन गेल्यावर येणारा, दुसरा लाइन आल्यावर येणारा. ते आत यायचे, इकडे तिकडे बघायचे, आणि सगळे माझ्यापाशी यायचे. "मावशी, ओळखलं का?" मी ओळखायची. मला तेव्हा आत कुठंतरी बरं वाटायचं, पण चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी कपबशा मोजायला लागायची.

कामतघरचे दोन सख्खे भाऊ होते. एका घरात राहणारे. थोरला घरी भजनाला जातो सांगून बी.ए. करत होता. धाकटा ओव्हरटाइमला जातो सांगून बी.कॉम. करत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. थोरल्याला वाटायचं या वयात पुस्तक घेतलं तर धाकटा हसेल, आणि धाकट्याला वाटायचं आपण भावाच्या पुढं गेलो तर त्याला लागेल. दोघांनीही मला हात जोडून सांगितलेलं, "मावशी, कुणाला कळू देऊ नका हां." एका रविवारी थोरला आत बसलेला आणि धाकटा फाटकातून येताना दिसला. मी त्याच्या हातात बादली दिली आणि पिंप भरायला नळावर धाडलं. पुढं दोघंही पास झाले. दोघांनाही मेळाव्याचं बोलावणं गेलं आणि दोघंही वड्याच्या बशीपाशी समोरासमोर आले.

"तू इथं काय करतंस रे?" थोरला.

"मी? तुझं आज भजन न्हाय का?"

"तुजा ओव्हरटाइम कुठं गेला?"

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी बशी पुढं केली. एवढी माणसं हसलेली मी त्या खोलीत परत कधी बघितली नाही.

आता जे सांगायचं आहे त्याच्याकडे येते. हिरा पाटील नावाची एक सून वळ गावातून यायची. त्या भागात भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती, तिच्या सासऱ्यांची जमीनही तशीच गेलेली. घरात पैसा होता, गाडी होती, पण सून शिकायला बाहेर जाते हे सासूला पटत नव्हतं. पहिल्या वर्षी पुस्तकं न्यायला हिरा आलीच नाही. कर्णिक सर म्हणाले, "मावशी, तुम्ही नेऊन द्या. मी गेलो तर भलतंच व्हायचं." मी पिशवी घेऊन गेले. सासूबाई अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मोठ्या हाडाची बाई, कपाळावर भलं मोठं कुंकू. मला उन्हातच उभं ठेवून विचारलं, "कुठली गो तू?"

"गणेशपुरीकडची. भिवंडीत दिली."

"मालक काय करतान?"

"सायझिंगला होते, सुताला खळ द्यायच्या कामावर. वारले."

त्यांनी मला सावलीत बसायला सांगितलं. पुढं बोलणं फार झालं नाही. मी त्यांच्याबरोबर सुकट निवडली. उठताना म्हणाल्या, "भिवंडीपरेंत जाईल ती. त्याच्या पुढं न्हाय. आनि तिला काय झाला तं मी तुला धरीन, तुझ्या सरला न्हाय."

त्या दिवसापासून हिराच्या शिक्षणाची काळजी माझ्यावर येऊन पडली. ती रविवारी जरा उशिरा आली तरी माझं लक्ष फाटकाकडं. ती गेली की रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत मी उभी. तिची दोन वर्षं अशी गेली. तिसरं, शेवटचं वर्ष उरलं होतं.

त्या वर्षी विद्यापीठानं कळवलं की यापुढं रविवारचे वर्ग ऑनलाइन. कर्णिक सरांनी फळ्यावर लिहिलं, 'रविवारी ऑनलाइन मार्गदर्शन, सकाळी अकरा'. नरसय्या नावाचा लूमवाला होता, पद्मानगरचा. बी.ए. होऊन गेलेला, लूमच चालवायचा, पण सवयीनं येऊन मागं बसायचा. त्यानं फळा वाचला आणि माझ्या स्टुलापाशी आला.

"मावशी, ऑनलाइन म्हणजे लाइन ऑन असताना ना?"

"तसंच असणार. लाइन नसली तर कम्प्युटर कसा चालेल?"

"मग आपली पोरं कशी येणार? लाइन ऑन तर आपण लूमवर. सरांना सांगा, ऑफलाइन ठेवा. आपल्याला तेच बरं."

मला ते बरोबर वाटलं. मी सरांना तसंच सांगितलं. सर आधी खूप हसले. मग हसता हसता थांबले. नंतर त्यांनी मला समजावलं की ऑनलाइन म्हणजे ती लाइन नाही, टेलिफोनच्या तारेतून येतं ते. पण म्हणाले, "नरसय्या बोलला ते खरंच आहे, मावशी. शब्द चुकला त्याचा, बाकी काही चुकलं नाही."

कम्प्युटर आला. त्याच्या डोक्यावर एक गोल डोळा, त्यातून तिकडच्यांना आपण दिसतो म्हणे. मी त्या डोळ्याच्या टप्प्यात यायची नाही, भिंतीला घसटून जायची. खाली एक काळा डबा ठेवलेला होता. लाइन गेली तर तो टीं टीं करत थोडा वेळ कम्प्युटर चालू ठेवतो, असं बसवायला आलेला माणूस सांगून गेला. पहिल्या रविवारी पडद्यावर विद्यापीठातल्या मॅडम आल्या. बोलता बोलता चित्र थिजायचं, तोंड उघडं तसंच राहायचं. समोर दोन दवाखान्यातल्या आया, एक रिक्षावाला आणि हिरा. बाकी बाक रिकामे. लाइन दुपारी गेली, मुलं दुपारी आली, तेव्हा पडदा काळा होता. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

मग पत्र आलं. ज्या केंद्रांत ऑनलाइन वर्गाला माणसं दिसत नाहीत ती केंद्रं बंद करून जवळच्या केंद्रात मिळवणार. आमचं केंद्र कल्याणला जाणार. शेवटचं म्हणून माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ऑनलाइन बघणार, त्यात केंद्र किती जिवंत आहे ते दिसेल, मग ठरवू. वेळ रविवार, सकाळी अकरा.

हिरा ते ऐकून माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "मावशी, कल्याणला सोडणार न्हाय मला. आई बोलल्यात तसं. माझं शेवटचं वर्ष हाय."

"सर करतील काहीतरी," मी म्हटलं.

"सर काय करनार? लाइन त्यांच्या हातात हाय?"

माझी नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती भीती मला ओळखीची होती. हिराची भीती नवी होती. तिला काय झालं तर मी तुला धरीन, असं जिनं म्हटलं तिच्या पुढं मी काय घेऊन उभी राहणार? इथवर आणलं आणि इथं सोडलं, एवढंच.

सरांनी विद्यापीठाला फोन करून वेळ बदलून मागितली. सगळ्या केंद्रांना एकच वेळ, असं उत्तर आलं. लूमच्या मालकांना भेटले. चालू लाइनमध्ये मशीन कोण बंद ठेवणार? एक मालक म्हणाला, "सरजी, लाइन जाती है तो रोते हैं, आप बोलते हो लाइन में बंद करो." सरांनी पुढं विचारलं नाही. मी नरसय्याला सांगितलं, जेवढ्यांना सुटता येईल तेवढ्यांना घेऊन ये. तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, मी येईन म्हटलं तरी मशीन मला सोडेल का? एकेकाकडे एवढी मशीनं. धागा तुटला की कापड गेलं. बघतो." तो बघतो म्हणाला तेव्हाच मला कळलं, येणार नाही.

त्या रविवारी सकाळी मी दाराबाहेर रांगोळी काढली. लक्ष फाटकाकडं होतं, ठिपक्यांच्या ओळी तिरक्या गेल्या. कर्णिक सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कामतघरचे दोघं भाऊ आले, शाळेत शिपाई असलेला एक, दोन आया, रिक्षावाले, आणि थोडेफार. हिरा पुढच्या बाकावर पदर खोचून बसली. बाहेर लूम खटखटत होते. एरवी तो आवाज आपल्याला ऐकूही येत नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला.

पडद्यावर मॅडम आल्या. एकेक केंद्र दाखवायला लागल्या. कुठं सभागृह भरलेलं, कुठं फेटे बांधलेली माणसं, कुठं बायका एकसारख्या साड्या नेसून. आमची पाळी आली. सरांनी नमस्कार केला, दोन वाक्यं बोलले.

"कर्णिक सर, एवढेच?"

"येतायत मॅडम. जरा कामाची वेळ आहे."

"रविवारी?"

सरांनी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात तिकडं त्यांचंच चित्र थिजलं की काय, मॅडमना ऐकू गेलं नाही. "मी बाकीची केंद्रं बघून परत तुमच्याकडे येते," म्हणाल्या, आणि दुसऱ्या गावातलं गाणं सुरू झालं. सर घाम पुसत खुर्चीवर बसले. थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "तू जा, दोन-चार पोरं गोला करून आन." धाकटा म्हणाला, "कुठून आनू? नाक्यावरचं कुत्रं पन आज कामाला गेलंय."

आणि लाइन गेली.

लोडशेडिंगची वेळ नव्हती. कुठंतरी फॉल्ट झाला असणार. पंखे फिरत फिरत थांबले, बाहेरचा सगळा खटखटाट एकदम गप्प झाला आणि खाली तो काळा डबा टीं टीं करायला लागला. सर ताडकन उठले. "ऑफिसातून वीज मंडळाला फोन लावतो. मावशी, तुम्ही इथं उभ्या राहा, कुणाला हात लावू देऊ नका." ते धावले, त्यांच्यामागे दोघं भाऊ फ्यूज बघायला धावले, त्यांच्यामागे बाकीचे. हिरानं उजेड यावा म्हणून दार पूर्ण उघडलं. मी कम्प्युटरपुढं उभी राहिले. सरांनी सांगितलं म्हणून उभी राहिले. त्या गोल डोळ्यासमोर उभी आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"भिवंडी? भिवंडी केंद्र? तुम्ही कोण?"

मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"तुम्हालाच विचारतेय. निळ्या साडीतल्या."

"मी मावशी."

"केंद्रप्रमुख कुठे आहेत?"

"लाइन गेली म्हणून गेलेत."

"लाइन कुठे गेली? तुम्ही मला दिसताय. आवाजसुद्धा येतोय."

मी पदर सावरत दाराकडं बघितलं. हिरा दारातून दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, बोला ना."

"तुमची लाइन आहे मॅडम," मी म्हटलं. "आमची गेली."

मॅडमनी शेजारी कुणाला तरी बघितलं. मला वाटलं, झालं. आता त्या बंद करणार. टीं टीं चालूच होतं. त्या भीतीनंच मला बोलतं केलं असावं. "मॅडम, थांबा. आता लाइन गेली ना, आता येतील सगळे."

"लाइन गेल्यावर येतील?"

"आमची पोरं लूमवर असतात. लाइन असली की मशीन सोडता येत नाही त्यांना. लाइन गेली की इथं येतात. नेहमीच येतात. आमचा वर्ग अंधारातच भरतो."

हिरा धावत आली, तिनं कम्प्युटरच्या डोक्यावरचा तो डोळा तारेसकट उचलला आणि दाराकडं वळवून धरला. फाटकातून नरसय्या येत होता. खांद्यावर टॉवेल, भुवयांवरसुद्धा रुई. त्याच्यामागे दोघं, त्यांच्यामागे आणखी पाच-सात. मेळावा आहे हे त्यांच्या ध्यानात असेल नसेल. नेहमीसारखे आले. रांगोळीवरून उडी मारून आत शिरले, बाक ओढले, खिडकीशी नेले.

"मावशी, फॉल्ट आहे, वेळ लागेल," नरसय्या म्हणाला. "सर आहेत का? आं, हे काय, वडे आहेत?"

"अरे, तिकडं मॅडम बघतायत," हिरा म्हणाली.

तो वळला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि पडद्याला नमस्कार केला. मॅडमनी विचारलं, "तुम्ही माजी विद्यार्थी?"

"हो मॅडम. बी.ए. इतिहास. सेकंड क्लास."

"आणि आता काय करता?"

"लूम चालवतो." मग जरा थांबून म्हणाला, "आता बंद आहे, म्हणून आलो."

आणखी मुलं येत होती. एक भय्या पहिल्यांदाच आला होता, त्यानं दारातून विचारलं, "मौसी, नाम लिखाना है, इधरीच लिखते हैं क्या?" हिराचा हात अवघडला होता, तरी तिनं डोळा खाली केला नाही. मॅडम पुढं वाकून बघत होत्या. त्या काहीतरी विचारायला लागल्या, "मग तुम्ही लोक..." आणि डब्याचा आवाज लांबत लांबत गेला, पडदा काळा झाला.

सर परत आले तेव्हा खोली भरलेली आणि पडदा बंद. "काय झालं? मॅडम आल्या होत्या?" हिरानं सगळं सांगितलं. मी बोलले हेही सांगितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी वडे वाढायला घेतले. थोड्याच वेळात लाइन आली. अर्धे वडे हातात घेऊन मुलं पळाली. जुने आणि नवे सगळेच.

त्यानंतर मी रोज ऑफिसातल्या फोनकडं कान देऊन असायची. फोन येत नव्हता. मी काय बोलले ते पुन्हा पुन्हा मनात घोळवायची. 'आमची गेली' असं कोण बोलतं विद्यापीठाच्या मॅडमना? 'आमचा वर्ग अंधारात भरतो' हे सांगायची काय गरज होती? त्यांना वाटलं असेल इथं दिवेसुद्धा नाहीत. सरांना विचारायचं धाडस झालं नाही. हिरा रविवारी यायची, पुस्तक उघडायची आणि माझ्याकडं बघायची. मी नुसती मान हलवायची, काही नाही म्हणून.

शेवटी सरांनी बोलावलं. मॅडमचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, मी पाहिलं ते कमिटीला सांगितलं. कमिटीचं म्हणणं, जे शिकतायत त्यांचं तिथंच पूर्ण होऊ द्या, वर्ग तुमच्या वेळेला घ्या. नवीन प्रवेश मात्र देऊ नका. शेवटची मुलं बाहेर पडली की केंद्र बंद.

"म्हणजे हिराचं होईल?" मी विचारलं.

"हिराचं होईल." सर खिडकीतून बाहेर बघत होते. "तो त्या दिवशी नाव लिहायला आलेला भय्या, त्याला मात्र सांगायला पाहिजे."

ते सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण दाराशी मी. आधी एक आला, मग दुसरा. कुणी बायकोला घेऊन, कुणी भावाला. मी म्हणायची, बंद आहे. ते म्हणायचे, आत तर वर्ग चालू दिसतोय. मी पाण्याचा पेला पुढं करायची. एवढी वर्षं मी त्या दाराशी लोकांना आत घ्यायला बसले होते. बसण्याची जागा तीच राहिली, काम उलटं झालं.

हिरा पास झाली. पेढे तिनं स्वतः आणून दिले. पुढच्या वर्षी उरलेली मुलं गेली आणि खोल्यांना कॉलेजचं कुलूप लागलं. मला कॉलेजनं ठेवून घेतलं, वरच्या मजल्यावर झाडलोटीला. रविवारी सुट्टी. लग्नानंतर पहिल्यांदाच मला रविवारी सुट्टी मिळाली आणि तिचं काय करायचं ते कळेना.

जूनमध्ये एकदा झाडू घेऊन जिना उतरत होते, तर फाटकात हिराची सासू. बरोबर धाकटी सून, कुंदा, नवी कोरी साडी, हातात शाळेचा दाखला घातलेली प्लास्टिकची पिशवी. सासूबाईंनी मला लांबूनच हाक मारली, "काय गो, कुठं गायब झालीस? हिला पन घे."

मी त्यांना सावलीत नेलं. पाणी दिलं. बंद झालं ते सांगितलं. त्यांना पटेना. "मोठीला घेतलंस, हिला का न्हाय? ही पन हुशार हाय. मोठीचं बघून रडतंय घरात."

"आई, मी कुठं घेते? विद्यापीठानं बंद केलं. कल्याणला आहे आता."

मला वाटलं, कल्याणचं नाव काढलं की उठतील आणि जातील. उठल्या नाहीत. पिशवीतला दाखला बाहेर काढून उगाच बघत बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग विचारलं, "कल्याणला कोन हाय?"

"तिथं सर आहेत. मोठं केंद्र आहे. कम्प्युटर पुष्कळ आहेत."

"सर असतील गो. सर सगलीकरं असतान. दारात बसतंय कोन?"

कुंदा आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती. नखानं पिशवीची कड कुरतडत होती. एका घरातली एक पास झाली आणि दुसरीला फाटकातून परत धाडायचं होतं, आणि धाडणारी मी होते.

"मी येईन," मी म्हटलं. "रविवारी मी जाईन तिच्यासंगं."

म्हणून झालं आणि मग कळलं आपण काय बोललो. मला कुणी पाठवलं नव्हतं, कल्याणच्या त्या केंद्रात मला कुणी ओळखत नव्हतं, दाराशी बसू देतील की नाही तेही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी दाखला पिशवीत घातला, पिशवी माझ्या हातात दिली आणि कुंदाला म्हणाल्या, "चल, हिच्या पाया पर."

त्या रविवारी कुंदा आणि मी कल्याणच्या एसटीत बसलो. डब्यात भाकरी, पिशवीत दाखला. ते केंद्र स्टँडच्या कुठल्या अंगाला आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि अनोळखी माणसाला विचारणं मला कधी जमलेलं नाही. वाटेतलं कोनगाव मागं पडलं तेव्हा कुंदानं माझा हात धरला.

"मावशी, तुम्हाला रस्ता म्हाईत हाय ना?"

मी हो म्हटलं.